आधाराचा सूर : जालना ते जांब

जालना हें नांव काढलें कीं आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें बियाण्यांच्या पिशव्या, लोखंडी सळया आणि मोसंबीच्या पेट्या उभ्या राहतात, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. बद्रिनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथेंच माहिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापाऱ्यांच्या तोंडीं आजही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु पुण्यामुंबईचा सुशिक्षित गृहस्थ सहकुटुंब देशपर्यटनास निघाला म्हणजे वेरूळ पाहतो, अजिंठा पाहतो आणि माघारी फिरतो. तेथून जालन्याकडे जाण्याची तसदी तो सहसा घेत नाहीं.

आमच्या प्रवासाचा हेतु देवदर्शनाचा होता, तसा कानांचाही होता. कोणतेंही गाणें घ्या, त्याच्या पाठीमागें एक न हलणारा सूर असतो. तो चाल म्हणत नाहीं, ताना घेत नाहीं, कोणी त्याला वाहवा देत नाहीं. पण तो थांबला कीं गाणारा एकदम उघडा पडतो. कोठें तो वीणेचा असतो, कोठें तुणतुण्याचा, कोठें तंबोऱ्याचा. जालना जिल्ह्यांत हा आधाराचा सूर किती रूपांनीं वस्ती करून आहे, आणि ज्याच्या गळ्याशीं तो जुळत नाहीं त्याची सोय कोण व कशी करतो, हें पाहावें असें मनांत होतें. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र बसून आरती म्हणतात, त्या घराच्या तो अगदीं जवळचा आहे, हें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेल्या जुन्या जालन्यांत आनंदीस्वामींचें देवस्थान आहे. या देवळाच्या उभारणीशीं महादजी शिंद्यांचें नांव जोडण्यांत येतें. आषाढी एकादशीस येथें मोठी यात्रा भरते. ज्यांना पंढरीस जाणें घडत नाहीं ते येथें येऊन विठ्ठलाचें स्मरण करतात. आम्ही गेलों तेव्हां यात्रेचे दिवस नव्हते. पण शहराबाहेरच्या एका लहानशा देवळांत अखंड हरिनाम सप्ताह चालू होता, त्यामुळें आमचें काम आयतेंच झालें.

सप्ताह आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु त्यांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. सात दिवस आणि सात रात्री वीणा खालीं ठेवावयाची नसते. एकाचा पहारा संपला कीं तो वीणा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यांत घालतो, त्याच्या पायां पडतो आणि मगच बाजूस होतो. पहाटे काकड्याला विणेकरी सत्तरीचा म्हातारा असतो, दुपारीं शेतांतून हातपाय धुऊन आलेला तिशीचा गडी असतो, आणि मध्यरात्रीं डोळ्यांवरची झोंप आवरीत उभा असलेला एखादा पोरसवदा विद्यार्थी असतो. माणसें बदलतात, सूर बदलत नाहीं. काल्याच्या कीर्तनापर्यंत तो तसाच चालू राहतो.

हें दृश्य मनाला उन्नत करणारें आहे यांत शंका नाहीं. परंतु कान देऊन ऐकलें तर आणखी एक गोष्ट समजते. वीणा ज्या सुरांत लावलेली असते, तो सूर प्रौढ पुरुषाच्या गळ्याचा असतो. म्हातारा विणेकरी त्या सुरांत सुखानें नाम घेत होता. त्यानंतर उभा राहिलेला मुलगा मात्र वरच्या स्वरांना पोंचतांना मान ताणीत होता, आणि देवळाच्या डाव्या अंगास बसलेल्या बायका खालच्या स्वरांवर केवळ ओंठ हलवीत होत्या. कोणाचीही तक्रार नव्हती. नामस्मरणांत सुराची पट्टी कोण पाहतो, असेंच त्यांस वाटत असावें. आमच्या मनांत मात्र तो प्रश्न तेथूनच बसला.

जालन्याहून अंबड सुमारें पंचवीस किलोमीटर आहे. गांवाजवळच्या टेंकडीचा आकार माशासारखा, म्हणून तिजवरील देवी ती मत्स्योदरी. देवळाच्या बांधणीशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव लोक श्रद्धेनें जोडतात. नवरात्रांत येथें जिल्ह्यांतून माणसें लोटतात, आणि जेथें देवीचें ठाणें तेथें गोंधळी हें ठरलेलेंच. आपल्या घरांतून लग्नमुंजीनंतर गोंधळ घालण्याचा कुलाचार अनेक ठिकाणीं अजून चालू आहे. त्यामुळें संबळ, दिवटी, झांज आणि तुणतुणें हीं वाचकांच्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतील.

तुणतुण्याची रचना किती साधी आहे पाहा. एक पोकळ नळकांडें, त्याच्या तळाला ताणून बसविलेलें कातडें, बाहेरून ठोकलेली बांबूची काठी आणि काठीच्या शेंड्याला एक खुंटी. कातड्याच्या मध्यापासून निघालेली एकच तार नळकांड्यांतून वर जाऊन त्या खुंटीला गुंडाळलेली असते. या वाद्याला एकच सूर येतो, पण तो सूर कोणता असावा हें ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्याच्या अंगठ्यांत असतो. गडावर आम्हांस जो गोंधळी भेटला त्यानें आधीं आपल्या आवाजांत एक हाक दिली, नंतर खुंटी पिळून तार त्या हांकेला मिळवून घेतली. थोड्या वेळानें त्याचा बारा-तेरा वर्षांचा पुतण्या म्हणावयास पुढें झाला, तेव्हां काकानें कांहीं न बोलतां खुंटीला आणखी दोन पीळ दिले आणि सूर चढविला. आम्ही कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “पोराचा गळा कवळा हाय, मालक. माझ्या सुरात गायला तर त्याचा गळा बसंल.” सप्ताहांत जें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें, तें या गोंधळ्यास न शिकवितां ठाऊक होतें.

अंबडला शास्त्रीय संगीताचीही परंपरा आहे. दत्तजयंतीच्या निमित्तानें येथें संगीतमहोत्सव भरविण्याची जुनी चाल असून गोविंदराव जळगांवकर यांचें नांव तिच्याशीं आदरानें जोडलेलें आहे. रेल्वेच्या रस्त्यापासून बाजूस असलेल्या या गांवांत श्रोत्यांचा कान तयार राहिला, याचें श्रेय अशा उत्सवांकडे जातें. आमचा मुक्काम ज्या घरीं होता, तेथेंही दिवाणखान्याच्या कोंपऱ्यांत गवसणी घातलेला एक मोठा तंबोरा उभा होता. घरचे वडील शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरांत, पण सायंकाळीं अर्धा तास तंबोरा घेऊन बसण्याचा नेम त्यांनीं सोडला नव्हता. त्यांच्या मागें बसून तारा छेडण्याचें काम सूनबाईंकडे होतें. त्यांचें बोट इतकें समतोल पडत होतें कीं त्या स्वतः गाणाऱ्या असाव्यात असें आमच्या सौभाग्यवतींस वाटलें, आणि त्यांनीं तसें विचारलें.

सूनबाई हंसल्या. “माहेरीं सात वर्षें शिकले होतें. इथें आले तेव्हां मामंजींनींच आग्रह केला कीं रोज बसत जा. पण हा तंबोरा काळी एकचा, आणि माझा गळा काळी चारचा. चढवायला गेले तों तार तुटली.”

मास्तर तंबोरा खालीं ठेवीत म्हणाले, “तार तुटली ती मीं दुसऱ्या दिवशीं नवी बसवली. हिचें गाणें मात्र पुन्हां बसलें नाहीं. तेव्हां मला वाटलें, घरकामांत हिला सवड होत नसेल. पुष्कळ वर्षांनीं समजलें कीं ही माझ्या सुरांत गाऊं शकत नव्हती आणि तसें सांगूंही शकत नव्हती.” थोडें थांबून ते म्हणाले, “आतां नातीसाठीं मिरजेस लहान तंबोरा सांगितला आहे. काळी चारचा.”

“नातीच्या निमित्तानें का होईना, मामंजी,” सूनबाई म्हणाल्या, आणि पानें घेण्यासाठीं आंत निघून गेल्या.

ती तार कां तुटली, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण कोणाच्याही घरीं हा प्रसंग येऊं शकतो. पेटीवर काळी एकपासून काळी चारपर्यंत मोजलें तर सात अर्धस्वरांचें अंतर होतें, म्हणजे बरोबर षड्जापासून पंचम. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या गळ्यांत साधारणपणें इतकें अंतर असतें. तारेचा सूर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तिची लांबी, तिची जाडी आणि तिच्यावरील ताण. लांबी आणि जाडी तीच ठेवून केवळ खुंटी पिळून सूर षड्जावरून पंचमावर न्यावयाचा, तर कंपनांची संख्या दीडपट व्हावी लागते. आणि त्यासाठीं ताण दीडपट करून भागत नाहीं, तो दिडाचा वर्ग, म्हणजे सव्वादोनपट करावा लागतो. इतका भार ती तार सहन करीत नाहीं. उलट स्त्रीच्या तंबोऱ्याची तार पुरुषाच्या सुरापर्यंत उतरविली तर ती ढिली पडते, घोडीवर लोळूं लागते आणि जवारीची सारी गोडी नाहींशी होते. म्हणून मिरजेचे कारागीर पुरुषी तंबोरा लांब दांडीचा व जाड तारांचा करतात आणि बायकी तंबोरा आखूड व बारीक तारांचा करतात. त्यांत मोठेपणा-लहानपणाचा प्रश्न नाहीं. तो हिशेब आहे. आणि या हिशेबाकडे दुर्लक्ष केलें म्हणजे आधीं तार तुटते आणि मागाहून गाणें.

अंबडहून पुढें निघालों तेव्हां मनांत एक दूरदेशचें वाद्य येत होतें. तें येण्यास जालन्याचेंच एक निमित्त होतें. इंग्रजी अमदानींत जालन्यास हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी होती. ती १८२७ सालीं वसली आणि १९०३ पर्यंत तेथें ती फौज राहिली. त्याच १८२७ सालीं तिकडे व्हिएन्ना शहरांत शूबर्ट या संगीतकारानें आपली हिवाळ्यांतील प्रवासाची गीतमालिका रचली. तिच्या अखेरच्या गीतांत गांवाबाहेर बर्फांत उभा राहून वाद्याची मूठ फिरविणारा एक दरिद्री म्हातारा आहे, आणि त्या गाण्यांत पियानोच्या खालच्या सुरांत आधाराची षड्ज-पंचमाची एकच जोडी आरंभापासून शेवटपर्यंत धरलेली आहे. त्या म्हाताऱ्याच्या हातांतील वाद्य म्हणजे हर्डी-गर्डी.

हें वाद्य आपल्याकडे कधीं रूढ झालें नाहीं, म्हणून त्याचें वर्णन करतों. लांकडी पेटीच्या मध्यें एक चाक असतें आणि त्याच्या कडेला राळ चोळलेली असते. उजव्या हातानें मूठ फिरविली कीं चाक तारांवर घासतें; म्हणजे सारंगीच्या गजाचें काम हें चाक न थांबतां करीत राहतें. तारा पूर्वी तांतीच्या असत, आजही पुष्कळदां असतात. आणि चाकाशीं घासून त्यांचा आवाज कर्कश होऊं नये म्हणून त्यांस त्या जागीं कापसाचा पातळ थर गुंडाळतात. कपाशीच्या शेतांतून जातांना जालन्याच्या माणसाला ही युक्ति ऐकून मौज वाटेल. चाल वाजविण्याच्या तारांवर पट्ट्या असतात. आपल्याकडे वरातींत जो बेंजो वाजतो, त्याच्या पट्टीसारखीच ही पट्टी दाबली कीं तिचा दांत तारेला टेकतो आणि स्वर बदलतो. या तारांच्या दोन्ही अंगांस आणखी कांहीं तारा असतात. त्यांना पट्टी नाहीं. चाक फिरतें तोंवर त्यांनीं आपला एकच सूर धरून ठेवावयाचा. त्यांतली एक तार सैल पायाच्या लहानशा घोडीवर टेकलेली असते आणि मुठीला झटका दिला कीं ती घोडी थरथरून ताल दाखविते. फ्रान्समध्यें या घोडीला ‘कुत्रा’ म्हणतात. तंबोऱ्याच्या जवारीची ती दूरची चुलत बहीण म्हणावी. स्पेनमधील सांतियागो येथील प्रसिद्ध देवळाच्या दारावर, ज्याची शिळा ११८८ सालीं बसली, दोन वृद्ध मिळून असेंच एक वाद्य वाजवीत असल्याचें शिल्प आहे. पुढें तें भिकाऱ्यांच्या हातीं गेलें, आणि अठराव्या शतकांत पुन्हां फ्रान्सच्या दरबारी स्त्रियांच्या मांडीवर येऊन बसलें.

आतां आमच्या प्रश्नाकडे येऊं. या वाद्यावरील एक गाणें एका पट्टीचें असतें, दुसरें दुसऱ्या पट्टीचें. चाल वाजविणाऱ्या बोटांना पट्टी बदलणें सोपें आहे. पण ज्या तारा नुसता सूर धरून बसल्या आहेत त्यांचें काय करावयाचें? त्या जुन्याच सुरांत राहिल्या तर नव्या गाण्याशीं उघड विसंगत होतात. फ्रान्समधील रूढ पद्धतींत पांढरी एक आणि पांढरी पांच अशा दोन पट्ट्यांत वाजविण्याची सोय ठेवलेली असते. पहिल्या पट्टीला थरथरणारी तार पांढरी एकवर लागते, तर दुसरीला ती पांढरी दोनवर, म्हणजे पूर्ण एक स्वर वर, लागते. मैफल चालू असतां दर गाण्याला खुंटी पिळीत बसणें शक्य नाहीं. तांत ताण सोसते, पण लगेच स्थिर होत नाहीं, हळूहळू उतरत राहते.

यावर तिकडील कारागिरांनीं जी तोड काढली ती लक्षांत घेण्यासारखी आहे. तारेच्या वरच्या टोंकाशीं ते एक लहानसा आंकडा किंवा चाप बसवितात. एरवीं तो मोकळा असतो आणि तार आपल्या पूर्ण लांबीनें वाजते. चाप लावला कीं तार तेथें दाबली जाते आणि तिची वाजणारी लांबी कमी होते. या चापास कॅपो म्हणतात. एक पूर्ण स्वर चढवावयाचा तर लांबीचे नऊ भाग करून त्यांतील आठ ठेवावयाचे. तार ३६ सेंटिमीटर असेल तर चाप ४ सेंटिमीटरांवर येतो. खुंटी पिळून तेवढाच सूर चढविला असता तर ताण सव्वापटीहून अधिक वाढवावा लागला असता. चापानें तो जवळजवळ वाढत नाहीं. जवळजवळ म्हणण्याचें कारण असें कीं दाबतांना तार किंचित् ताणली जाते आणि सूर अंमळ चढतो; म्हणून चापाची जागा गणितानें काढली तरी शेवटीं ती कानानें मागें-पुढें करावी लागते. थरथरणाऱ्या घोडीवरील दाबही त्यामुळें पालटतो, तो पुन्हां बेतशीर करून घ्यावा लागतो. आणखी एक मर्यादा आहे : चाप सूर चढवूं शकतो, उतरवूं शकत नाहीं. म्हणून तार आधीं खालच्या सुरांत लावून ठेवावयाची आणि गरजेप्रमाणें वर न्यावयाची, हा त्या वाद्याचा दंडक आहे.

आमच्या तंबोऱ्याला असा चाप लावण्याची चाल नाहीं, आणि त्याची उणीवही भासत नाहीं. कारण आपला गवई सबंध मैफलभर आपला षड्ज बदलीत नाहीं. तथापि याच जातीची एक क्रिया आपण रोज करतों. तंबोऱ्याची पहिली तार एरवीं पंचमांत असते. मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग आला कीं ती मध्यमांत उतरवितात. मारव्याला ती निषादांत लावतात. पंचम आणि मध्यम यांत अंतर किती? बरोबर एक स्वर, नवास आठ या प्रमाणाचा. म्हणजे फ्रान्समधला वादक जो एक स्वर लांबी कमी करून चढवितो, तोच आपला गवई ताण कमी करून उतरवितो. आणि मग घोडीमागचा मणी बारीक सरकवून, जवारीचा दोरा नीट करून सूर कानाला पटेपर्यंत धीर धरतो. साधनें निराळीं, पण समज एकच आहे. सूर धरणारी तार ही गाण्याची मालकीण नव्हे, ती त्याची यजमानीण आहे. पाहुणा बदलला तर तिनें पान बदलून वाढलें पाहिजे.

घनसावंगी तालुक्यांतील जांब हें आमच्या प्रवासाचें शेवटचें ठिकाण. याच गांवीं शके १५३०, म्हणजे सन १६०८ मध्यें, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं रामनवमीच्या दिवशीं नारायणाचा जन्म झाला, आणि पुढें तो समर्थ रामदास म्हणून सर्वांच्या वंदनास पात्र झाला. गांव आतां जांब समर्थ या नांवानें ओळखलें जातें. राममंदिराच्या सभामंडपांत बसलें कीं मन आपोआप शांत होतें. आम्ही गेलों त्या दुपारीं दोन वृद्ध स्त्रिया खांबाशीं टेकून हलक्या आवाजांत करुणाष्टकें म्हणत होत्या. जवळ पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. त्यांनीं आपल्या सोयीचा सूर धरला होता आणि एकीचा श्वास संपला कीं दुसरी तो उचलून धरीत होती.

त्यांस ऐकतांना वेणाबाईंची आठवण झाली नाहीं तरच नवल. बालपणीं वैधव्य आलेल्या या शिष्येला समर्थांनीं उभें राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, हें परंपरेंत प्रसिद्ध आहे. मिरजेस त्यांचा मठ आहे, आणि १६७८ सालीं सज्जनगडावर त्यांनीं देह ठेवला. सतराव्या शतकांत विधवेनें सभेंत उभें राहून बोलणें हीच केवढी गोष्ट! आणि कीर्तनकार स्त्री उभी राहिली म्हणजे मागच्या टाळकऱ्यांना आणि वीणेला तिच्या गळ्याकडे पाहून सूर लावावा लागतो. तिला आपल्या सुरांत ओढून चालत नाहीं. बोलण्याची परवानगी देणें हें पहिलें पाऊल झालें. तिच्या गळ्याचा सूर लावून देणें हें दुसरें. पहिल्याचा गौरव आपण पुष्कळ करतों, दुसऱ्याचा विसर पडतो.

योगायोग असा कीं ज्या मिरजेंत वेणाबाईंचा मठ आहे, तीच मिरज पुढें तंबोऱ्यांचें माहेर झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, आणि आज त्यांचा तंबोरा देशभर जातो. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. लहान आणि मोठा, दोन्ही मापांचे तंबोरे त्याच हातांतून घडतात. तेव्हां घरांत स्त्रीच्या सुराचा तंबोरा नसेल तर दोष कारागिराचा नव्हे. आपण तो मागितला नाहीं इतकेंच.

आतां घरगुती उपयोगाच्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. ज्या घरांत मुलगी किंवा सून गाणें शिकते, तेथें तिचा षड्ज आधीं ठरवावा. खालचा पंचम स्पष्ट लागला पाहिजे आणि वरच्या सप्तकांतील गांधार, मध्यम ओरडल्यावांचून मिळाला पाहिजे, असा जो मधला सूर तोच तिचा. वडिलांच्या किंवा भावाच्या पट्टींत तिला बसविणें म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चोळी शिवणें होय. मुलगा वयांत येतांना त्याचा आवाज फुटतो. त्या काळांत त्याला जुन्या सुरांत गाण्याचा आग्रह धरूं नये. वडील माणसांचा आवाज उतारवयांत खालीं येतो; त्यांचा तंबोराही अर्धा-एक स्वर उतरविण्यांत कमीपणा नाहीं. ज्यांच्याकडे स्केलचेंजर पेटी आहे, त्यांनीं पट्ट्यांची फळी सरकवून हें काम क्षणांत करावें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. त्याला तर केवळ कळ फिरविण्याचें श्रम. त्या नादांत मिरजेच्या भोंपळ्याची आस नाहीं हें खरें. पण जिला सूर द्यावयास घरांत दुसरें कोणी नाहीं, तिला तो एकटा सोबत करतो, हेंही तितकेंच खरें.

दुसरी गोष्ट आरतीची. आरतीच्या चाली पांच-सहा स्वरांत बसणाऱ्या असतात. घरांतील सर्वांत मोठ्या आवाजाचा गृहस्थ जो सूर लावील तो सर्वांनीं उचलावा, अशी आपली रीत पडली आहे. आणि मग आजी, सुना, मुलें हीं टाळ्या वाजविण्यापुरतीं उरतात. त्याऐवजीं पेटीवर पांढरी तीन किंवा चार हा मधला सूर धरून पाहावा. पुरुषांस तो थोडा चढा वाटेल, बायकांस थोडा उतरता. पण दोघांसही तो आवांक्यांत राहील. आठ दिवस असें केलें म्हणजे घरांत आजवर न ऐकलेले एक-दोन आवाज खात्रीनें ऐकूं येतील. येत्या गणेशचतुर्थीस आमच्या वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करावा, आणि पहिल्या दिवशींचा सूर लावण्याचा मान घरांतील ज्या व्यक्तीचा आवाज सर्वांत कमी ऐकूं येतो तिला द्यावा.